कॉम्प्युटर सुरू होतानाच अडकतो? फॉरमॅटची घाई नको

स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली आणि कॉम्प्युटर विंडोजच्या लोगोवरच अडकलेला. दुकानात नेला की पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आम्ही म्हणतो, थोडं थांबा. फॉरमॅटमध्ये मुलांची सर्टिफिकेटं, घरचे फोटो सगळं जाऊ शकतं.

आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क काढा. फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवून पुन्हा सुरू करा. कधी कधी एवढ्यानंच काम होतं.

नाही झालं तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज 10 आणि 11 स्वतःच रिपेअरचा स्क्रीन दाखवतं. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ट्रबलशूट, परत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज आणि रीस्टार्ट असं जा. यादी आली की 4 दाबा. सेफ मोड सुरू होईल.

सेफ मोड चालला तर सगळ्यात आधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. बिघाड बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नव्या प्रोग्रॅमचा असतो. शेवटी जे टाकलं होतं ते काढून बघा.

सेफ मोडमध्येही अडकला तर रॅम आणि हार्ड डिस्क तपासून घ्यावी लागेल. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. दुकानदाराला पहिल्यांदा एवढंच सांगा, "आधी डेटा काढा, फॉरमॅटचं नंतर बघू."