युद्धाची कैफियत आणि जनतेचा विश्वास

२० मार्च २००३ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांच्या नेतृत्वाखालील फौजा इराकमध्ये शिरल्या, तेव्हा सद्दाम हुसेन यांच्या राजवटीकडे महासंहारक शस्त्रे, म्हणजे रासायनिक व जैविक शस्त्रे आणि अण्वस्त्रांचा चालू कार्यक्रम आहे, हे त्या आक्रमणाचे मुख्य समर्थन होते. आक्रमणानंतर शस्त्रशोधासाठी नेमलेल्या ‘इराक सर्व्हे ग्रुप’ने २००४ च्या अहवालात असे साठे नव्हते आणि अणुकार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता, असा निर्वाळा दिला. तेव्हापासून नेते खोटे बोलले आणि जनता फसली, एवढ्यातच या प्रकरणाचे सार सांगण्याचा प्रघात पडला आहे. हे सार सोयीचे असले, तरी त्यात पुढाऱ्यांची लबाडी आणि लोकांचा भाबडेपणा एवढेच शिल्लक राहते आणि ज्या प्रक्रियेतून युद्धाची कैफियत उभी राहिली ती नजरेआड होते.

निव्वळ असत्यावर उभी राहिलेली युद्धे इतिहासात नाहीत असे मुळीच नाही. १९५६ च्या सुएझ प्रकरणात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी पॅरिसजवळच्या सेव्र येथे गुप्त करार करून इजिप्तवरील चढाई आधीच ठरवली होती, तरीही इस्रायल हल्ला करणार याची पूर्वकल्पना नव्हती, असे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी २० डिसेंबर १९५६ रोजी संसदेत सांगितले. इराकचे प्रकरण मात्र या जातीचे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबर २००२ रोजी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात, आणि त्याला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतही, इराकची काही शस्त्रे आदेशानंतर ४५ मिनिटांत सज्ज होऊ शकतात असे विधान होते. मूळ गुप्तवार्तेचा रोख रणांगणावर वापरायच्या, थोड्या पल्ल्याच्या दारूगोळ्याकडे होता, दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांकडे नव्हे. परंतु कोणती शस्त्रे हे दस्तऐवजात स्पष्ट न केल्यामुळे दुसऱ्या दिवशी काही वृत्तपत्रांनी सायप्रसमधील ब्रिटिश लष्करी तळ ४५ मिनिटांच्या टप्प्यात असल्याचा गाजावाजा केला आणि सरकारने तो समज दुरुस्त केला नाही. २००४ साली लॉर्ड बटलर यांच्या चौकशी समितीला हेतुपुरस्सर विपर्यास आढळला नाही, मात्र उपलब्ध माहिती तिच्या अगदी कडेपर्यंत ताणली गेल्याचे तिने नोंदवले. आणि जुलै २०१६ मध्ये सर जॉन चिलकॉट यांच्या समितीने, धोक्याच्या गांभीर्याविषयीचे निष्कर्ष ज्या ठामपणे मांडले गेले त्या ठामपणाला आधार नव्हता, असे म्हटले.

अटलांटिकच्या पलीकडेही शंका अशाच गळत गेल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी तयार केलेल्या एकत्रित मूल्यमापनात परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने अणुकार्यक्रमाविषयी लेखी असहमती नोंदवली होती आणि इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या युरेनियम समृद्ध करण्यासाठीच आहेत हे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना पटलेले नव्हते. तथापि त्याच सुमारास लोकांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीत या असहमतीचा नीट पत्ता लागत नव्हता. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत भुकटी भरलेली छोटी कुपी बोटांत धरून अँथ्रॅक्सची एवढीशी मात्राही काय अनर्थ करू शकते हे दाखवले आणि ट्रकांवरील फिरत्या जैविक प्रयोगशाळांची रेखाचित्रे सादर केली. त्या रेखाचित्रांमागचा मुख्य साक्षीदार जर्मनीत आश्रय मागणारा एक इराकी होता. ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाची चौकशी जर्मन गुप्तचरांनी केली होती, त्याच्या विश्वासार्हतेविषयीच्या शंका अमेरिकी यंत्रणेच्या कानांवर गेल्या होत्या, आणि २०११ मध्ये त्याने आपली हकिकत बनावट असल्याचे कबूल केले. अशा वेळी वक्ता प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. कागदावरची शंका भाषणापर्यंत पोहोचताना कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या हातून गळाली, हे शोधणे अधिक उपयोगाचे असते.

दुसरा रूढ समज असा की सरकारकडे गोपनीय माहिती असल्याने सामान्य माणसाने, किंवा सामान्य खासदारानेही, त्यावर विसंबण्याखेरीज गत्यंतर नसते. प्रत्यक्षात उलट साक्ष उघडपणे उपलब्ध होती. इराकने नायजरकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे दाखवणारी कागदपत्रे अस्सल नाहीत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी, म्हणजे युद्धापूर्वी सुमारे दोन आठवडे, सुरक्षा परिषदेला सांगितले होते. ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्चला मंत्रिपदाचा राजीनामा देताना, महासंहारक शस्त्रांचा जो अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो त्या अर्थाने ती इराककडे बहुधा नाहीत, असे सभागृहात बजावले. दुसऱ्याच दिवशी त्या सभागृहाने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली.

युद्ध सुरू होताच नेत्याची लोकप्रियता वाढते, यावरून लोकांना त्याचा युक्तिवाद पटला असे मानण्याचीही चूक होते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये या उसळीचा अभ्यास मांडला आणि तिला ध्वजाभोवती एकवटण्याची प्रवृत्ती मानले. संकटाच्या वेळी राष्ट्र म्हणून एकत्र उभे राहण्याची भावना, तसेच विरोधकांनी तात्पुरते धरलेले मौन, असे तिचे अर्थ लावले जातात. गॅलपच्या पाहणीत अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कामगिरीला मार्च २००३ च्या मध्यावर ५८ टक्के लोकांची पसंती होती आणि आक्रमणानंतर काही दिवसांतच ती ७१ टक्क्यांवर गेली, परंतु २००८ च्या शरद ऋतूत ती २५ टक्क्यांपर्यंत घसरली. पसंती आणि मत या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे विन्स्टन चर्चिल यांच्या उदाहरणातून दिसते. मे १९४५ मध्ये त्यांच्या बाजूने ८३ टक्के लोक होते आणि जुलैमध्ये त्यांचा पक्ष निवडणूक हरला.

सत्य बाहेर आले की जनता नेत्याला शिक्षा करते, ही अपेक्षाही फारशी टिकत नाही. शस्त्रे नसल्याचे स्पष्ट झाल्यानंतरही बुश २००४ मध्ये आणि ब्लेअर, घटलेल्या बहुमताने का होईना, २००५ मध्ये पुन्हा निवडून आले. काळाच्या ओघात लोक नेत्याबरोबरच स्वतःच्या जुन्या मतालाही नाकारतात: यूगव्ह या संस्थेच्या २००३ मधील पाहण्यांत सरासरी ५४ टक्के ब्रिटिश नागरिक युद्धाच्या बाजूने होते, परंतु २०१५ मध्ये आपण तेव्हा पाठिंबा दिला होता असे आठवणारे ३७ टक्केच निघाले.

विश्वास गेल्याची किंमत कैफियत मांडणाऱ्यालाच मोजावी लागते असेही नाही. २९ ऑगस्ट २०१३ रोजी, सीरियात रासायनिक शस्त्रांचा वापर झाल्यानंतर, लष्करी कारवाईचा ठराव ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. त्या चर्चेत इराकचा उल्लेख वारंवार झाला, मात्र या वेळी रासायनिक हल्ला खरोखरच घडलेला होता. २०२२ च्या आरंभी रशिया युक्रेनवर चाल करणार असल्याचे अमेरिकेने जाहीर केले. ही स्वतः युद्धात उतरण्याची कैफियत नव्हे, तर इशारा होता, तरीही ३ फेब्रुवारीच्या वार्ताहर परिषदेत परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याला पुरावा कुठे आहे असे पुन्हा पुन्हा विचारले गेले. २००३ चा अनुभव पाहता तो प्रश्न गैर नव्हता. युरोपातील काही सरकारांनाही इशारा अतिरंजित वाटत होता, आणि २४ फेब्रुवारीला रशियन फौजा सीमा ओलांडत असताना जर्मन गुप्तचर संस्थेचे प्रमुख ब्रुनो काल कीव्हमध्येच होते. त्यांना तेथून सुखरूप बाहेर काढण्यासाठी खास मोहीम आखावी लागली.