काळा रंग कुठून आणायचा?

टीव्हीच्या दुकानात भिंतभर पडदे झगमगत असतात. पोपट, जास्वंदी, सोललेली डाळिंबं, रात्री दिव्यांनी न्हालेली शहरं. गडद अंधारातलं दृश्य मात्र सहसा कोणी लावत नाही, आणि त्यामागे व्यवहार आहे. भडक रंग दाखवणं आता स्वस्तातल्या टीव्हीलाही जमतं. अवघड आहे ते काळं दाखवणं. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी ही नावं ऐकून डोकं गरगरतं, पण त्यांच्यातला बराचसा फरक एका प्रश्नात मावतो: हा टीव्ही अंधार कसा तयार करतो? दहा बाय बाराच्या हॉलसाठी टीव्ही घेणाऱ्याला तर हा प्रश्न बंगलेवाल्यापेक्षा जास्त छळतो.

सुरुवात एलईडी टीव्हीपासून. याच्या पोटात मागे एलईडी दिवे असतात आणि साध्या मॉडेलमध्ये टीव्ही चालू असेतोवर ते सगळे पेटलेले राहतात. पडद्यावर मध्यरात्रीचं जंगल असो की दुपारचं वाळवंट, मागे दिवाळी चालूच. या दिव्यांसमोर दोन काचा, आणि त्यांच्या मधोमध द्रव स्फटिकाचा जेमतेम तीन-चार मायक्रॉन जाडीचा थर. काचांच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर फिल्म. पहिली फिल्म प्रकाशलहरींना एकाच दिशेत कंप पावायला लावते. मधले रेणू ती दिशा फिरवतात किंवा आहे तशी ठेवतात. त्यांना किती वळवायचं ते वीज ठरवते. फिरलेला प्रकाश दुसऱ्या फिल्ममधून बाहेर पडतो, न फिरलेला अडतो. म्हणजे प्रत्येक ठिपका ही एक झडप. ४के पडद्यावर असे ८२,९४,४०० ठिपके असतात आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. जवळजवळ अडीच कोटी झडपा, आणि प्रत्येक झडप सेकंदाला निदान साठ वेळा नवा हुकूम घेते! तुम्ही चहाचा घोट घेत मालिका बघत असता तेव्हा भिंतीवर हे चाललेलं असतं.

घरी एलईडी टीव्ही असेल तर पोलराइज्ड गॉगल घेऊन पडद्यासमोर उभे राहा आणि काच हळूहळू गोल फिरवा. एका विशिष्ट कोनात चित्र जवळजवळ नाहीसं होतं. टीव्हीतून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो आहे, याचा हा डोळ्यांदेखत पुरावा.

हे द्रव स्फटिक सापडले कुठे, तर गाजरात. १८८८ मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलची संयुगं तपासत होते. त्यातलं कोलेस्टेरिल बेंझोएट त्यांनी तापवलं. १४५.५ अंश सेल्सियसला ते वितळलं, पण वितळून झालं काय, तर गढूळ पाणी. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना ते गढूळपण एकाएकी गेलं आणि द्रव नितळ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! रायनिट्झर यांनी नमुने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांच्याकडे धाडले. लेहमान यांच्याकडे पदार्थ तापवता तापवता ध्रुवित प्रकाशात बघण्याचा सूक्ष्मदर्शक होता. त्यांना दिसलं की हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागतो. पुढे जवळपास ऐंशी वर्षं या शोधाचं नेमकं करायचं काय, हे कोणाला फारसं सुचलं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने द्रव स्फटिकांचा पडदा जगासमोर मांडला, तेव्हा कुठे गाजराचं चीज झालं.

आता अडचणीकडे येऊ. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड येतोच. म्हणून साध्या एलईडी टीव्हीतला काळा रंग हा खरं तर गडद राखाडी असतो. खोलीतले दिवे मालवून रात्रीचा प्रसंग बघा, पडद्यावर निळसर राखाडी पडदा पसरल्यासारखा दिसेल.

ही गळती कमी-जास्त असते ती पॅनलच्या जातीनुसार. दोन मुख्य जाती, आयपीएस आणि व्हीए. व्हीएमध्ये वीज नसताना रेणू काचेवर काटकोनात ताठ उभे असतात, प्रकाशाची दिशा बिघडत नाही, आणि दुसरी फिल्म त्याला चांगला अडवते. त्यामुळे पांढरं आणि काळं यांच्यातलं प्रमाण तीन ते पाच हजारास एक इतकं मिळतं. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर आडवे असतात आणि आडव्यातल्या आडव्यात वळतात. तिथे हे प्रमाण हजारास एकच्या आसपास राहतं. कागदावर बघितलं तर व्हीए बाजी मारतं. पण व्हीएचे रेणू वीज मिळाल्यावर कलतात, आणि कललेला रेणू समोरून एक दिसतो, बाजूने दुसराच. वीस-पंचवीस अंश बाजूला सरकलात की रंग विटायला लागतात. आयपीएसचे रेणू कोणत्याही बाजूने साधारण सारखेच दिसतात.

इथेच लहान हॉल आडवा येतो. मोठ्या दिवाणखान्यात टीव्हीपासून बारा फुटांवर आणि मध्यापासून चार फूट बाजूला बसलेला माणूस पडद्याकडे जेमतेम अठरा अंशांतून बघतो. आपल्या हॉलमध्ये दिवाण बाजूच्या भिंतीला लावलेला असतो, त्यावर आजी बसलेल्या असतात. त्याच चार फूट बाजूला, पण पडद्यापासून पाच फुटांवर. कोन होतो जवळपास एकोणचाळीस अंश. खोली जितकी लहान, तितके कोन तिरपे. बाजूला बसणाऱ्यांची सोय आधी बघावी लागते ती लहान घरातच, आणि जाहिरातीत याचा उल्लेख नसतो.

बघण्याचा कोन या झगड्यात एक पाऊल बंगळूरमध्येही पडलं. रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९७७ साली शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश या सहकाऱ्यांसह नव्या प्रकारचे द्रव स्फटिक शोधले. तोवरचे द्रव स्फटिक काडीच्या आकाराच्या रेणूंचे होते, हे तबकडीच्या आकाराचे. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे. पुढे अशाच तबकडी-रेणूंच्या पातळ फिल्म एलसीडी पडद्यांवर चढवल्या गेल्या, कशासाठी, तर बाजूनेही चित्र नीट दिसावं म्हणून.

आणि व्हीएच्या त्या गडद काळ्याचा आपल्याकडे उपयोग तरी किती? मराठी घरात रात्री आठच्या मालिकेला ट्यूबलाइट चालू असते. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून पडलेल्या उजेडातला साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. टीव्हीवर चमक कमी करणारा लेप असला तरी थोडा परतावा उरतोच. मग पडद्याचा काळा रंग पॅनलपेक्षा ट्यूबलाइटच जास्त ठरवते. हजारास एक आणि पाच हजारास एक यांतला फरक त्या उजेडात बराचसा विरून जातो. खिडकी टीव्हीच्या अगदी समोर असेल तर दुपारी कोणताच टीव्ही घेऊन सुख नाही. तो खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर न्यावा.

अंधाराचा प्रश्न मुळापासून सोडवला ओएलईडीने. इथे मागे दिवेच नाहीत. सेंद्रिय पदार्थांचे काही शे नॅनोमीटर जाडीचे थर, आपल्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, आणि त्यातून वीज गेली की ते स्वतःच उजळतात. काळं दाखवायचं असेल तर तो ठिपका सरळ विझतो. गळायला उजेडच नाही. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दहा व्होल्टच्या आत उजळणारे असे थर करून दाखवले. ज्या कंपनीचं नाव आपण फोटोच्या रोलवर वाचत आलो तिच्याच प्रयोगशाळेत हे घडलं, याची मला अजूनही मौज वाटते. २००७ मध्ये सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही विकायला काढला. अकरा इंची, आणि पडदा फक्त तीन मिलिमीटर जाड. स्वतः उजळणारे ठिपके प्लाझ्मा टीव्हीतही होते, पण मोठ्या कंपन्यांनी तो २०१४ च्या सुमारास बंद केला.

दिवे मालवून ओएलईडीवर अवकाशातलं एखादं दृश्य बघितलं तर पडद्याची चौकट कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते ते कळत नाही. बाजूने बघितलं तरी चित्र टिकतं. मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये? एक तर किंमत. तेवढ्याच आकाराच्या साध्या एलईडीच्या दोन-चार पट मोजावे लागतात. दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. सेंद्रिय थर वापराने झिजतात, निळा सगळ्यात लवकर. एकाच जागी तेच चित्र तासन् तास राहिलं तर तिथले ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि तिथे कायमचा डाग पडतो. आता आपल्या बातम्यांच्या वाहिन्या डोळ्यांसमोर आणा. खाली लाल पट्टी, वर दुसरी पट्टी, कोपऱ्यात बोधचिन्ह, शेजारी ‘ब्रेकिंग’. कंपन्यांनी ठिपके किंचित सरकवण्यासारख्या युक्त्या केल्या आहेत आणि डागाची भीती पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. तरी ज्या घरात सकाळी उठल्यापासून एकच बातमी-वाहिनी चालू असते, तिथे ओएलईडी मी सुचवणार नाही.

मधल्या दोन जाती थोडक्यात. क्यूएलईडी म्हणजे एलईडी टीव्हीच; फक्त मागे निळे दिवे आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटची फिल्म. हे दोन ते दहा नॅनोमीटरचे कण. पदार्थ तोच, पण कण मोठा केला की लाल प्रकाश देतो, लहान केला की हिरवा. नुसत्या आकाराने रंग बदलावा, ही गोष्ट इतकी विलक्षण आहे की तिच्यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. रंग त्यामुळे शुद्ध होतात. काळा मात्र होता तसाच राहतो. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि हजारोंनी असतात, आणि त्यांचे शेकडो गट करून अंधाऱ्या भागामागचा गट मंद करता येतो. काळा बराच सुधारतो, पण काळ्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती उजेडाचं वलय दिसतं.

राहिला आकार. ‘लांब बस, डोळे बिघडतील’ हे ऐकत मोठी झालेली पिढी लहान हॉलमध्ये बत्तीस इंचीच्या पुढे जायला कचरते. चित्रपट आणि टीव्ही अभियंत्यांच्या संघटनेचा जुना ठोकताळा सांगतो की पडद्याने डोळ्यासमोर साधारण तीस अंश व्यापावेत. सात फुटांवरून हा हिशेब एक्कावन-बावन इंचांवर येतो. म्हणजे पन्नास इंची टीव्ही दहा बाय बारामध्ये मुळीच अवाढव्य नाही. त्याची रुंदी ११० सेंटिमीटर आणि उंची ६२; तेवढी भिंत मोकळी असली की झालं.

४के हवंच का? निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखतो. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्याचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पावणेसहा फुटांच्या पलीकडे गेलात की तो वेगळा दिसतच नाही. ४केचा ठिपका बघायला तर तीन फुटांच्या आत नाक न्यावं लागेल. उलट डीटीएचवर साध्या एसडी वाहिन्यांचाच पॅक असेल, तर ५७६ ओळींचं ते चित्र पंचावन्न इंचांवर सात फुटांवरूनही धूसर दिसेल. वाहिन्या एसडीच राहणार असतील तर त्रेचाळीस इंचांवर थांबा.

माझा कौल असा. चार-पाच माणसं हॉलभर पसरून, ट्यूबलाइट लावून बघत असतील तर आयपीएस पॅनलचा त्रेचाळीस किंवा पन्नास इंची एलईडी. एक-दोघं समोरच बसून रात्री दिवे मालवून सिनेमे बघत असाल तर व्हीए, जमल्यास मिनी एलईडी. पैसा आहे, बातम्या कमी आणि सिनेमे जास्त, तर ओएलईडी. खोक्यावर पॅनलची जात बहुधा लिहिलेली नसते, आणि एकाच मॉडेलच्या दोन आकारांत ती वेगळी असू शकते. तेव्हा दुकानात बाजूला जाऊन, मग खाली बसून बघा. टीव्ही दाराच्या चौकटीएवढा उंच टांगू नका, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला पडद्याचा मध्य ठेवा. आणि घरातून निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवा: भिंतीची मोकळी रुंदी, बसायच्या जागेपासून पडद्यापर्यंतचं अंतर, आणि खिडकी कोणत्या भिंतीला आहे.