पुरुषांच्या जननेंद्रियावरील अंकुर : क्षारकर्मापूर्वी निदान

कापूरहोळ म्हणजे पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे वळण्याचे ठिकाण. गावात ज्याची वाच्यता करता येत नाही, असे दुखणे घेऊन पुरुष अशाच नाक्यावरच्या दवाखान्यात किंवा थेट औषधाच्या दुकानात येतो. ‘चामखिळीचे मलम द्या’ एवढेच तो म्हणतो. जागा सांगत नाही. म्हणून या विषयाचा विचार वैद्य व औषधविक्रेते दोघांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात मेढ्रावरील मांसांकुरांचे वर्णन केले आहे. दोष मांस व रक्त दूषित करून कंडू उत्पन्न करतात, खाजविल्याने क्षत होते व त्या क्षतात अंकुर उगवतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूही त्वचेच्या सूक्ष्म क्षतांतूनच आत शिरतो. जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळी त्याच्या ६ व ११ या प्रकारांमुळे होतात. कर्करोगाशी मुख्यतः १६ व १८ या प्रकारांचा संबंध आहे.

फुलकोबीसारखे, बहुधा वेदनारहित अंकुर या विषाणूचे असतात. परंतु शिश्नमण्याच्या कडेने ओळीत असणारे एकसारखे बारीक कण स्वाभाविक असतात. त्यांना चिकित्सा नको. मध्ये खळगा असलेले गुळगुळीत दाणे मोलस्कमचे. चपटे, ओलसर, रुंद बुडाचे उंचवटे फिरंगाच्या दुसऱ्या अवस्थेचे असू शकतात. तेथे व्हीडीआरएल तपासणी हवीच. कठीण, व्रणयुक्त किंवा रक्तस्राव होणारी गाठ असल्यास रुग्णास बायोप्सीसाठी विनाविलंब पाठवावे. फिरंगावर वा कर्करोगावर क्षार लावणे म्हणजे मोलाचा काळ दवडणे होय. एचआयव्ही तपासणीही सुचवावी.

निदान निश्चित झाल्यावर क्षारकर्म वा अग्निकर्म प्रशिक्षित हातानेच व्हावे. अंकुर गेला तरी सभोवतालच्या त्वचेत विषाणू राहू शकतो, त्यामुळे पुनरुद्भव संभवतो, हे रुग्णास आधीच सांगावे. औषधविक्रेत्यांनी पायाच्या कुरुपाचे सॅलिसिलिक आम्लाचे औषध किंवा स्टेरॉइडमिश्रित मलम या जागेसाठी देऊ नये.

संसर्गानंतर अंकुर दिसण्यास काही आठवडे ते अनेक महिने, क्वचित वर्षेही लागतात. त्यामुळे पतिपत्नींपैकी कोणावर दोष ठेवण्यास हे लक्षण पुरावा होत नाही. मात्र पत्नीची तपासणी आवश्यक आहे. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती ९ ते २६ वयाच्या मुलामुलींसाठी असून ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. असलेले अंकुर मात्र घालवीत नाही.

लाजेने आलेला रुग्ण बहुधा एकदाच येतो. त्याच भेटीत पडद्याआड नीट परीक्षण करावे, पत्नीविषयी सांगावे व गुप्तता पाळावी.