पृथ्वीएवढे म्हणजे पृथ्वीसारखे नव्हे

आकाशात कोठेतरी आपल्यासारखे कोणी असावे, ही माणसाची आस फार जुनी आहे. आणि आस जितकी जुनी, तितकी ती पुराव्याच्या बाबतीत उतावीळ असते. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कुंभ राशीतील एका मंद ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह फिरत असल्याचे जाहीर झाले, तेव्हा याचा प्रत्यय आला. शास्त्रज्ञ 'पृथ्वीएवढे' म्हणाले. जगाने 'पृथ्वीसारखे' असे ऐकले. या दोन शब्दांतील अंतर किती मोठे आहे, हे त्यानंतरच्या वेधांनी दाखवून दिले असून ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ट्रॅपिस्ट-१ या नावाचा हा तारा आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या अवघे ९ टक्के, आकार गुरूहून थोडासाच मोठा आणि पृष्ठभागाचे तपमान सूर्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या सातही ग्रहांच्या कक्षा बुधाच्या कक्षेच्या आत सहज मावतात. सर्वांत आतल्या ग्रहाचे वर्ष दीड दिवसाचे, तर सर्वांत बाहेरच्याचे सुमारे १९ दिवसांचे. अशा निस्तेज ताऱ्यांकडे ज्योतिर्विदांचे फारसे लक्ष नसे. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या मिकाएल जिलाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच निवडले. त्यामागील तर्क साधा होता. पृथ्वी सूर्यासमोरून गेली, तर दूरस्थ निरीक्षकाला सूर्यप्रकाशाचा सुमारे बारा हजारावा भागच कमी झालेला दिसेल. या ठेंगण्या ताऱ्यासमोरून तेवढाच ग्रह गेला, तर त्याचा प्रकाश अर्ध्या टक्क्याहून अधिक घटतो. म्हणूनच चिलीतील ला सिया येथील केवळ ६० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला जे साधले, ते त्याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणींना साधले नव्हते. पुढील पडताळणीत लडाखमधील हानले येथील आपल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता, ही आनंदाची गोष्ट होय.

या शोधाचा खरा गौरव त्याच्या शिस्तीत आहे. २०१६ साली प्रथम तीनच ग्रह जाहीर झाले होते. पुढे स्पिट्झर या अंतराळ दुर्बिणीने जवळजवळ २० दिवस सलग वेध घेतला, तेव्हा तिसऱ्या ग्रहाच्या म्हणून समजल्या गेलेल्या खुणा एकाहून अधिक ग्रहांच्या असल्याचे उघड झाले. आधीचे विधान दुरुस्त करण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

वातावरणाच्या प्रश्नाबाबतही हीच शिस्त दिसते. आकार, घनता, ताऱ्यापासूनचे अंतर हे सर्व अनुकूल असले, तरी हवेचे आवरण नसेल तर ग्रह हा केवळ दगड होय. त्यातून असे तारे तारुण्यात अधिक प्रखर असतात आणि पुढेही वारंवार उसळतात; त्या माऱ्यात जवळच्या ग्रहांची हवा उडून जाण्याचा संभव मोठा असतो. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये पहिल्या ग्रहाची दिवसाची बाजू मोजली. ती सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाली. म्हणजे उघड्या खडकाची असावी तशीच. दुसऱ्या ग्रहावर शुक्रासारखे दाट वातावरण नाही, हे त्याच वर्षी कळले. तिसऱ्यावर पृथ्वीसारखे नाही, हे २०२५ मध्ये. जेथे पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात असलेल्या चौथ्या ग्रहाविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले पहिले निष्कर्ष मात्र 'हो' म्हणत नाहीत आणि 'नाही'ही म्हणत नाहीत. मिथेन वायूचा जो पुसट आभास दिसला, तो खुद्द ताऱ्याचाच असू शकेल, असे संशोधकांनी स्वतःच बजावले आहे.

यावर निराशेचा सुस्कारा टाकणारे लोक ज्ञानाचा हिशेब चुकीच्या वहीत मांडतात. आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे याच लाल, लहान जातीचे आहेत. त्यांचे ग्रह हवा टिकवू शकतात की नाही, यावर विश्वात जीवसृष्टीला किती जागा आहे याचा अंदाज मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. अशा वेळी पुराव्यानिशी आलेला नकार हा बिनपुराव्याच्या होकाराहून शतपटीने मोलाचा ठरतो.

मूलभूत संशोधनाचा खर्च अखेर समाज सोसतो, आणि समाजाला चमत्कार आवडतात. परंतु जो समाज केवळ होकारासाठी पैसा मोजतो, त्याला कालांतराने खोटे होकारच मिळू लागतात. चौथ्या ग्रहाचे वेध अद्याप चालू आहेत. उत्तर यायला वर्षे लागतील, आणि ते आपल्याला हवे तसे येईलच असे नाही. ती वर्षे शास्त्रज्ञांना निर्वेधपणे मिळू देणे आणि 'अद्याप ठाऊक नाही' हे त्यांचे वाक्य आदराने ऐकणे, एवढे तरी सुशिक्षित म्हणविणाऱ्या वर्गाला जमले पाहिजे.