महाशब्दे, पौंडरीक आणि जयपूरचा एक पार्क

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एक आडनाव.

निवृत्तीनंतर मी जयपुरात राहिलो. सकाळी फिरायला जायची सवय फौजेने लावलेली, ती सुटत नाही. जुन्या शहराच्या उत्तरेला, नाहरगडाच्या पायथ्याशी ब्रह्मपुरी नावाची वस्ती आहे. तिथे एक बाग आहे, तिला लोक 'पौंड्रिक पार्क' म्हणतात. हे नाव कुठून आले, असे एका रिक्षावाल्याला विचारले. तो म्हणाला, ''अहो साहेब, तो नकली वासुदेव नव्हता का, श्रीकृष्णाशी लढलेला? त्याचा.'' म्हणजे भागवतातला पौंड्रक. पुढे आमच्या आत्याबाई सोलापूरहून आल्या. त्यांनी पाटी वाचली आणि तिथेच हात जोडले. ''पुंडलिकाच्या नावाने बाग! इतक्या लांब!'' त्यांना वाटेवरची वीट दिसली.

दोघांचेही चुकले. बागेचे नाव ना त्या राजाचे, ना पंढरीच्या भक्ताचे. ते एका मराठी घराण्याचे आहे, आणि त्या घराण्याचे मूळ आडनाव होते महाशब्दे.

आधी थोडे आडनावांबद्दल. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आडनावातून गाव काढायचे, हा उद्योग चालतो. पाटणकर, सातारकर, नागपूरकर. 'कर' दिसला की काम झाले. हे फक्त आपलेच आहे असे मात्र नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या जुन्या भाषेत 'ट्रे' म्हणजे वाडी, 'पोल' म्हणजे डोह, 'पेन' म्हणजे टोक किंवा भूशिर. या तीन शब्दांनी सुरू होणारी आडनावे ऐकली की माणूस कॉर्नवॉलचा, असे तिथे धरून चालतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ट्रेव्हेलियन हे नाव वाचलेले असते, तेही त्यातलेच. म्हणजे तिथे 'वाडी' नावाच्या पुढे लागते आणि आपल्याकडे 'कर' मागे. एवढाच फरक.

पण गावावरून पडलेले आडनाव गावापासून फार दूर गेले की मुके होते. काशीत किंवा आमेरात 'पाटणकर' म्हणून सांगितले तर समोरच्याला काय कळणार? तिथे दुसरी ओळख लागते. म्हणून परप्रांतात गेलेल्या घराण्यांची नावे बदललेली दिसतात. महाभारतावर प्रसिद्ध टीका लिहिणारे नीलकंठ कोपरगावचे चौधरी. संस्कृत ग्रंथांत ते 'चतुर्धर' झाले. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले, पण ते घराणे काशीत 'भट्ट' म्हणूनच गाजले. पैठण त्यांच्या नावात उरले नाही. सतराव्या शतकात अशी कितीतरी दक्षिणी घराणी काशीत नांदत होती, आणि राजेरजवाड्यांना पंडित हवा असला की त्यांची नजर तिकडे वळे.

आता आमेरला येऊ. जयपूर वसले १७२७ साली. त्याआधी कछवाह्यांची राजधानी आमेर. तिथे सवाई जयसिंहाचे गुरू आणि धर्मकार्यातले सल्लागार होते रत्नाकर भट्ट महाशब्दे. जयसिंहाच्या नावाने त्यांनी 'जयसिंहकल्पद्रुम' नावाचा मोठा धर्मशास्त्रीय ग्रंथ रचला, १७१३च्या सुमारास. कोणते व्रत कोणत्या तिथीला, कसे करायचे, याचा तो कोश म्हणा ना.

महाशब्दे हे नाव ऐकून बहुतेकांना वाटते की कोणीतरी फार बोलके पूर्वज असावेत! तसे नाही. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचे ताम्रपट पाहा. त्यांत राजाच्या बिरुदांत 'पंचमहाशब्द' मिळवलेला असा उल्लेख येतो. म्हणजे पाच वाद्यांचा मान. एका जुन्या यादीत ही वाद्ये दिली आहेत: शिंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा. सामंताला हा मान वरिष्ठ राजाकडून मिळे. आमच्याकडे कोणासाठी बिगूल वाजवायचा, किती वाजवायचा, गार्ड ऑफ ऑनर कोणाला, याचे पक्के नियम असतात, तसेच ते. काश्मीरच्या राजतरंगिणीत मात्र याच शब्दाचा वेगळा अर्थ आहे. तिथे 'महा'ने सुरू होणारे पाच दरबारी हुद्दे म्हणजे पंचमहाशब्द. कोणताही अर्थ घ्या, शब्द मानाचा आहे, दरबारचा आहे. आडनावात त्याच मानाची आठवण असावी, असे माझे मत आहे. गावाचे नाव त्यात नाही, हे तर उघडच आहे.

मग महाशब्देंचे पौंडरीक कसे झाले? इथे यज्ञसंस्थेची थोडी माहिती हवी. सोमयागांचे दिवसांवरून प्रकार पडतात. सोमरस काढण्याचा विधी एकाच दिवसाचा असेल तर 'एकाह'. दोन ते बारा दिवसांचा तो 'अहीन'. त्याहून लांबला की 'सत्र'. अहीनांमध्ये अकरा दिवसांचा एक याग आहे, त्याचे नाव पौंडरीक. पुंडरीक म्हणजे पांढरे कमळ, त्यावरून. मुख्य अकरा दिवसांच्या आधी दीक्षा आणि तयारीचे दिवस वेगळे. सोळा ऋत्विज, सामग्री, दक्षिणा, जनावरे, तूप. ज्याने कधी ब्रिगेडच्या सरावाची रसद लावली आहे त्याला अंदाज येईल. त्या काळी असा याग पार पाडणे ही काही साधी गोष्ट नव्हती. रत्नाकर भट्टांनी तो केला आणि ते 'पौंडरीकयाजी' म्हणवले गेले. 'याजी' पुढे गळाले, 'पौंडरीक' राहिले, आणि ते घराण्याला चिकटले.

यात विचित्र काही नाही. वाजपेय करणाऱ्याचे वंशज वाजपेयी. अग्निहोत्र राखणारे अग्निहोत्री. यज्ञाची दीक्षा घेतलेले दीक्षित. आपण ही नावे रोज ऐकतो आणि त्यांच्यामागचा धूर विसरतो. पौंडरीक हे त्याच रांगेतले, फक्त दुर्मीळ. आणि दुर्मीळ असल्यामुळेच लोकांच्या जिभेवर ते टिकेना. पौंडरीकचे पुंडरीक झाले, पौंड्रिक झाले, आणि पौंड्रिक म्हटल्यावर भागवतातला पौंड्रक आठवणारच. रिक्षावाल्याची काय चूक?

जयसिंहाने पुढे अश्वमेधही केला. अठराव्या शतकात, मुघल बादशहाच्या मनसबदाराने! ही केवळ दंतकथा नाही, हे दाखवण्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी बरीच जुनी साधने तपासली होती. जयपुरातल्या लोकांनाही गोड्यांचे नाव माहीत असायला हवे, पण ते राहू द्या.

याच दरबारात दुसरा मराठी माणूस होता, जगन्नाथ पंडित. त्यांच्या नावामागे लागले 'सम्राट'. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली, तिचे नाव 'रेखागणित'. टॉलेमीच्या ग्रंथावर आधारलेला त्यांचा 'सम्राटसिद्धांत' १७३२ सालचा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या १८९६च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त त्यांची दखल घेतली आहे. जंतरमंतरमधल्या त्या सत्तावीस मीटर उंच यंत्राचे नावही सम्राट, त्यामुळे गाइड लोक दोन्हींची गल्लत करून मोकळे होतात.

जगन्नाथांबद्दल एक गोष्ट सांगितली जाते: जयसिंह शिवाजी महाराजांवर चालून गेला, तेव्हा त्याने या हुशार तरुणाला दक्षिणेतून सोबत आणले. माझ्यासारख्या फौजी माणसाला ही गोष्ट ऐकताच सन आठवतो. पुरंदरचा तह १६६५चा, आणि तो करणारा मिर्झाराजा जयसिंह. वेधशाळा बांधणारा सवाई जयसिंह जन्मला १६८८ साली. तो दक्षिणेत आला होता हे खरे, पण १७०१-०२ मध्ये, औरंगजेबाच्या फौजेबरोबर विशाळगडाच्या वेढ्यात. तेव्हा त्याचे वय तेरा-चौदा. दोन जयसिंहांचा एक केला की गोष्ट रंगते, पण घराण्याचा इतिहास पन्नास-साठ वर्षांनी सरकतो. आपापल्या कुळाच्या बखरी लिहून मला पाठवणाऱ्यांना माझे हेच सांगणे असते: आधी नावापुढचा सन तपासा.

मी भरतीच्या कामावर असताना शेकडो जवानांचे शीट रोल पाहिले आहेत. आडनाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले जाई, आणि पुढे निवृत्तिवेतनापर्यंत तेच चाले. एका शिपायाचे आडनाव त्याच्या सख्ख्या भावापेक्षा वेगळे होते. दोघेही एकाच घरचे. ते सरळ करायला वर्ष गेले. म्हणून सांगतो, आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला नव्हे. ते कोणी, कुठे, कोणत्या कामामुळे लावले, हे शोधावे लागते.

ब्रह्मपुरीत पौंडरीकांची हवेली अजून उभी आहे. तिच्या एका खोलीतली चित्रे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत. हवामहल पाहून झाल्यावर दोन तास उरले तर तिकडे जा. वस्तीत शिरल्यावर 'पौंड्रिक' असेच विचारा, 'महाशब्दे' म्हणालात तर कोणी रस्ता दाखवणार नाही.