कूलोंब, रुपें आणि दोन सिक्के

निजामी अमलांतील जालन्याचे व्यापारी कागद वाचणारास आंकड्यापेक्षां मापाचीच पंचाईत अधिक पडते. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना व समोर कादराबाद अशा या पेठेच्या हिशेबांत ‘रुपया’ हा शब्द एकट्यानें पुरत नाहीं; तो हाली कीं कलदार हें आधीं पाहावें लागतें. विसाव्या शतकांतील सर्वसाधारण दरानें १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत, म्हणजे सहास सात. कलदाराचा आंकडा हाली समजून वाचला तर सातवा हिस्सा बुडाला! नक्कल उतरतांना ‘हाली’ हें पद अनावश्यक म्हणून गाळणारे संपादक आम्हीं पाहिले आहेत.

हीच अडचण विजेचा भार मोजणाऱ्या शास्त्रज्ञांसही पडली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. या भाराचें प्रमाणभूत माप कूलोंब. हें नांव शार्ल ऑगस्तँ द कूलोंब (१७३६–१८०६) या फ्रेंच लष्करी इंजिनियराचें. मार्तिनीक बेटावर किल्ला बांधण्यांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. पुढें १७८५ सालीं बारीक तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूनें त्यानें विद्युद्भारांमधील बल मोजून दाखविलें. अंतर दुप्पट केलें कीं बल चतुर्थांश होतें, हा त्याचा नियम. मापास त्याचें नांव मात्र १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्परिषदेंत मिळालें. एक अँपिअरचा प्रवाह एक सेकंद वाहिला असतां जितका भार जातो, तो एक कूलोंब. (घरोघरच्या मीटरवरील ‘युनिट’ हें याहून निराळें, तें ऊर्जेचें माप होय.)

व्याख्या सोपी, परंतु सराफास जसें नमुन्याचें वजन हवें, तसें प्रयोगशाळेसही हातीं धरतां येईल असें कांहीं हवें होतें. तें रुप्यांत सांपडलें. रुप्याच्या नायट्रेटच्या द्रवांतून प्रवाह सोडला कीं प्लॅटिनमच्या भांड्यावर रुपें बसतें, व त्याचें वजन गेलेल्या भाराच्या प्रमाणांत असतें. १.११८ मिलिग्रॅम रुपें बसवील तो भार एक ‘आंतरराष्ट्रीय’ कूलोंब, असा निर्णय १८९३ च्या शिकागो परिषदेनें केला. १९०८ च्या लंडन परिषदेनें तोच कायम केला. आमच्या वाचकांच्या मापांत सांगावयाचें तर एक तोळा, म्हणजे सुमारें ११.६६४ ग्रॅम, रुपें बसण्यास सुमारें १०,४३३ कूलोंब लागतात. एक अँपिअरचा प्रवाह जवळजवळ दोन तास चौपन्न मिनिटें चालू ठेवावा लागेल. विजेचें माप शेवटीं कांट्यावर रुपें तोलून ठरावें, ही गोष्ट कोणाही सराफास रुचली असती.

पण येथेंही दोन सिक्के निघाले. लांबी, वस्तुमान व काळ यांच्या मापांवरून सिद्ध होणारा ‘निरपेक्ष’ कूलोंब एक, आणि परिषदांचा आंतरराष्ट्रीय दुसरा. बारीक मोजणींत ते जुळेनात. १९४६ सालीं ठरलेल्या प्रमाणानें एक लक्ष आंतरराष्ट्रीय कूलोंब म्हणजे ९९,९८५ निरपेक्ष. बट्टा लाखांत पंधरांचा. जालन्याच्या बट्ट्यापुढें तो कांहींच नव्हे, तरी सूक्ष्म प्रयोगाचा निकाल फिरविण्यास पुरेसा आहे. म्हणून १९४८ पूर्वींच्या प्रयोगांचे आंकडे घेतांना ‘आंतरराष्ट्रीय’ हें पद गाळणें, हें ‘हाली’ गाळण्याच्याच जातीचें होय. १ जानेवारी १९४८ पासून निरपेक्ष माप सर्वत्र मान्य झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें, व पुढील कांहीं वर्षांत हाली सिक्काही गेला. हा केवळ योगायोग. त्यांत कार्यकारण शोधूं नये.

२० मे २०१९ पासून कूलोंबाची व्याख्या पुन्हा बदलली. आतां एका इलेक्ट्रॉनच्या भाराचें परिमाणच आंकड्यानें कायमचें ठरवून दिलें आहे, व एका कूलोंबांत असे भार सुमारें ६२,४१५ कोटी कोटी मावतात. रुप्याचा कांटा आतां व्याख्येसाठीं लागत नाहीं.