भाषणाआधी सभेची रीत

वक्तृत्व स्पर्धा महाराष्ट्राला नव्या नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून विद्यापीठाच्या करंडकापर्यंत उत्तम बोलणारी मुले आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घडत आली. युवा संसद स्पर्धेसाठी संघ बांधायचा म्हटला की याच मुलांना पुढे केले जाते, त्यांच्याकडून भाषणे पाठ करून घेतली जातात आणि कामकाजाचे नियम शेवटच्या दोन-तीन तालमींत उरकले जातात. हा क्रम उलटा करायला हवा. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांत अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस केली, तेव्हा तिला चांगल्या वक्त्यांची उणीव भासत नव्हती. सभा चालवण्याची सवय नागरिकांच्या अंगी लहानपणीच मुरावी, हा तिचा हेतू होता. पुढे १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसद स्पर्धा सुरू झाल्या आणि केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, विद्यापीठे असा त्यांचा विस्तार झाला. त्याच परिषदेने ही अभिरूप सभा पंचायतीपर्यंत न्यावी असेही सुचवले होते. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात ती सूचना आज सर्वाधिक मोलाची आहे.

सभेची रीत म्हणजे नेमके काय, हे पाहायला एकच प्रश्न हाती घ्यावा. पुण्याकडून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल विद्यार्थ्याला विचारायचे आहे, असे धरू. त्याचा पहिला मसुदा बहुधा असा येतो : ‘सरकार आणखी किती बळी जाण्याची वाट पाहणार?’ टाळ्या मिळतील, पण हा प्रश्न सभागृहात स्वीकारला जाणार नाही. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा आरोप चालत नाही, मत विचारता येत नाही आणि सर्वसाधारणपणे तो दीडशे शब्दांपलीकडे जाता कामा नये. मग आपल्या विधिमंडळाच्या धाटणीत तो पुन्हा लिहावा लागतो : अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतच्या रस्त्याची दुरुस्ती मंजूर होऊनही काम सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय, असल्यास, त्यासाठी किती निधी मंजूर झाला व किती खर्च झाला, काम केव्हा पूर्ण होणार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आता मंत्र्याला निसटायला जागा राहिली नाही. हा मसुदा लिहिताना विद्यार्थ्याला रस्ता कोणाच्या अखत्यारीत येतो हे शोधावे लागले, निधी कुठून येतो ते समजून घ्यावे लागले आणि आधीच्या प्रश्नातला राग बाजूला ठेवून त्यातली माहिती वेगळी काढावी लागली. पाठ केलेल्या दहा भाषणांतूनही एवढे शिक्षण होत नाही.

म्हणून संघाची तयारी प्रश्नापासून सुरू करावी. त्यानंतर अध्यक्षाची निवड. सर्वांत शांतपणे ऐकून घेणारा विद्यार्थी या खुर्चीवर हवा, कारण हरकतीचा मुद्दा ऐकून त्यावर तिथल्या तिथे निर्णय देणे, वेळ संपलेल्या मंत्र्यालाही थांबवणे आणि गप्प बसलेल्या सदस्याला बोलते करणे हे त्याचे काम. मंत्र्यांना उत्तरे पाठ करू देऊ नयेत. विषयाची टिपणे द्यावीत आणि विरोधकांना तालमीत दर वेळी नवे उपप्रश्न विचारायला लावावेत. अर्ध्या तालमी झाल्यावर सत्ताधारी आणि विरोधक यांची अदलाबदल करावी. काल ज्या विधेयकाची बाजू मांडली त्याच विधेयकाला आज दुरुस्ती सुचवावी लागली की आपल्या युक्तिवादातली फट आपल्यालाच दिसते. ठराव मांडणे, त्याला अनुमोदन देणे, दुरुस्तीवर आधी आणि मूळ ठरावावर नंतर मत घेणे, हा क्रम अंगवळणी पडला की स्पर्धेतली उत्स्फूर्तता आपोआप येते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे नाटकच. शेवटी कोण केव्हा उठणार, कोण सभात्याग करणार, हे आधीच ठरलेले असते. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच तयारीची पद्धत बदलायला हवी. संहिता घट्ट बांधली तर ते नाटक होते. नियम घट्ट शिकवून संहिता सैल ठेवली तर तो सराव होतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. खऱ्या सभागृहांत गोंधळ होतो, कामकाज तहकूब होते, विधेयके चर्चेविना संमत होतात. मग मुलांनी हे नियम का शिकावेत? पण नियम माहीत असलेल्या नागरिकालाच तो मोडल्याचे कळते. डिसेंबर १९५४ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहात आला, तेव्हा चर्चेच्या वेळी ते अध्यक्षस्थानी बसले नाहीत. उपाध्यक्षांनी कामकाज चालवले. ठराव फेटाळला गेला. तरी सभागृहातल्या सर्वोच्च व्यक्तीविरुद्धही रीतसर ठराव मांडता येतो आणि त्या वेळी तिला खुर्ची सोडावी लागते, ही तरतूद ज्याला ठाऊक आहे, तो गोंधळाला लोकशाहीचा स्वभाव मानणार नाही.

तिसरा आक्षेप खेड्यातून येतो : ही सगळी इंग्रजी शाळांची आणि टेकडीवरच्या विद्यापीठांची हौस, आमच्या मुलांना तिचा काय उपयोग? संसदीय रीत परकी आहे, ही समजूत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत खोडून काढली होती. बौद्ध भिक्खू संघांत प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम होते, हे त्यांनी दाखवून दिले आणि एकदा गमावलेली ही पद्धत देश पुन्हा गमावणार तर नाही ना, अशी काळजीही व्यक्त केली. भारतातली नियमबद्ध सभा त्यांनी अशी दोन हजार वर्षांहून मागे नेली. उपयोगाचे म्हणाल, तर मुळशीला तो वेगळा सांगायला नको. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या जमिनी गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांना विचारणारी कोणतीही सभा नव्हती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह हाच मार्ग उरला. आज हिंजवडी-माणपासून पिरंगुट-पौडपर्यंत जमिनीचा भाव आणि वापर दोन्ही झपाट्याने बदलत आहेत, आणि आता ग्रामसभा आहे. राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या सभेला गाव आले नाही, तर दुसऱ्या सभेत मोजकी माणसे रीतसर ठराव करू शकतात. नियमांचा असा वापरही होतो, हे खरेच. त्यावर उतारा एकच : हा नियम गावातल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असणे.

त्यामुळे स्पर्धेचा करंडक हा तयारीचा शेवट मानू नये. संघातल्या मुलांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेला जावे, प्रोसिडिंग बुकात सूचक-अनुमोदक कोण आहेत ते पाहावे, ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेल्या ठरावावर खरोखर चर्चा झाली होती का, हे विचारावे. अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आले की त्यांना तिथे मतही देता येईल. शिक्षकांनी हे काम अभ्यासक्रमाबाहेरचे समजू नये. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला ग्रामसभेचा धडा इथेच पुरा होतो. चांगला वक्ता सभा जिंकतो, पण सभेची रीत जाणणारी मुले ज्यांना बोलता येत नाही त्यांचाही प्रश्न पटलावर आणू शकतात. मुळशीला आणि महाराष्ट्राला अशा मुलांची गरज आहे, आणि ती घडवणे कोणत्याही शाळेच्या आवाक्यात आहे.